मर्लिन: गुपित राखलं कुणासाठी?

काजवा

गेल्या दोन महिन्यांत घरातल्या दोन मुलांना (वय 9 आणि 13) सोबत घेऊन 'मर्लिन' पुन्हा पहिल्यापासून पाहिली. बीबीसी वनची मालिका. 20 सप्टेंबर 2008 ला सुरू झाली, 24 डिसेंबर 2012 ला संपली. पाच पर्वं, प्रत्येक पर्वात 13 भाग, एकूण 65. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी एकटीच होते आणि शेवट बघून इतकी चिडले होते की पुढे कित्येक वर्षं तिचं नाव काढलं नाही. या खेपेला तोच शेवट पाहिला आणि माझं मत पार बदललं. म्हणून हा धागा.

शेवटापर्यंतचं सगळं उघड लिहिणार आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी इथेच थांबा, आधी मालिका बघा, मग या.

सूत्र थोडक्यात असं. कॅमेलॉटचा राजा उथर याने राज्यात जादूवर बंदी घातली आहे. जादू केली की देहदंड. वीस वर्षांपूर्वी वारस हवा म्हणून त्यानेच जादूची मदत घेतली, आर्थर जन्मला, आणि त्या जन्माची किंमत म्हणून राणी इग्रेनचा जीव गेला. हा दोष स्वतःच्या पदरात घ्यायचा सोडून उथरने तो सगळ्या जादूगारांवर ढकलला आणि त्यांची कत्तल केली. अशा गावात मर्लिन नावाचा पोरगेला मुलगा येतो, जो जन्मतःच जादू घेऊन आलाय. आल्या आल्या चौकात एका जादूगाराला मारताना बघतो. त्याच भागात आर्थरवर फेकलेल्या सुरीतून त्याला वाचवतो आणि बक्षीस म्हणून राजपुत्राची चाकरी पदरी पडते. वाड्याखालच्या गुहेत साखळदंडाने बांधलेला ड्रॅगन त्याला सांगतो की तुझं आणि आर्थरचं नशीब एकच आहे.

माझी जुनी तक्रार ही होती: आर्थरला मर्लिनचं गुपित कधी कळणार याची पाच वर्षं वाट पाहायला लावली, आणि तो क्षण आणला शेवटच्या भागात, आर्थर मरणाला टेकलेला असताना. आता वाटतं, तो उशीर हीच तर सगळी गोष्ट आहे. मर्लिनने गुपित राखलं ते सुरुवातीला जीव वाचावा म्हणून. मग राखायची सवय झाली. आणि ज्या दिवशी खरं बोलता आलं असतं, त्या दिवशीही त्याच्या तोंडून खोटंच बाहेर पडलं.

पाचव्या पर्वातला 'दिसिर'चा भाग आठवून बघा. आर्थरचा तरुण सरदार मॉर्ड्रेड मरणाच्या दारात. तीन वृद्ध स्त्रिया आर्थरला सांगतात, जुना धर्म आणि जादू स्वीकार, तो वाचेल. रात्री शेकोटीपाशी आर्थर मर्लिनला विचारतो की आता काय करू. कदाचित वडिलांचं चुकलं असेल असं तो स्वतःहून म्हणतोय. इतकी वर्षं ज्या प्रश्नासाठी मर्लिन जगला तो प्रश्न समोर आलाय. आणि मर्लिनला ठाऊक आहे की मॉर्ड्रेड जगला तर आर्थरला मारणार. म्हणून डोळे भरून आलेले असताना तो सांगतो की कॅमेलॉटमध्ये जादूला जागा नाही. आर्थर ते ऐकतो, दिसिरना नकार देतो, परत येतो, आणि दारात मॉर्ड्रेड धडधाकट उभा. नकार हीच शिक्षा होती.

या प्रसंगाला माझा मोठा मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "पण त्याने आत्ता सांगायला हवं होतं!" मला शेवट तिथेच दिसला. बाकीचे आठ भाग हे त्या एका वाक्याचे परिणाम आहेत.

तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

धागा छान, पण मत अजिबात पटलं नाही.

'दिसिर'बद्दल शंभर टक्के सहमत. पूर्ण मालिकेतलं सर्वोत्तम लेखन. पण त्यावरून शेवट माफ होत नाही. पहिल्या भागापासून ड्रॅगन एकच वचन देत राहिला: आर्थर राजा होईल, अल्बियन (म्हणजे अख्खं ब्रिटन) एक होईल, जादू पुन्हा मोकळी होईल. प्रेक्षक म्हणून मी 65 भाग त्या वचनावर काढले. मिळालं काय? आर्थर राजा असतानाही जादूवर बंदीच राहिली. अल्बियनचा सुवर्णकाळ एका भागातही दाखवला नाही. गुपित कळल्यावर दोघांना मिळाले जेमतेम दोन दिवस, त्यातलाही बराच वेळ एकाच्या पोटात तलवारीचा तुकडा सरकतोय म्हणून धावपळ.

शोकांतिका असू दे, माझी हरकत नाही. आर्थरची दंतकथा शोकांतच आहे. पण शोकांतिकेत आधी काहीतरी उभं राहावं लागतं, मग ते कोसळतं. इथे इमारत उभीच राहिली नाही. पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला आर्थरला कळलं असतं, तर 13 भाग त्या दोघांनी उघडपणे मिळून राज्य केलेलं पाहता आलं असतं, आणि मग कॅमलानची शेवटची लढाई मनाला कितीतरी जास्त लागली असती.

पाखरू

मोर्गानाबद्दल, म्हणजे उथरच्या आश्रयाला वाढलेल्या मुलीबद्दल, कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते.

पहिल्या दोन पर्वांतली मोर्गाना आठवा. उथरच्या समोर उभं राहून त्याला अन्यायी म्हणणारी सगळ्या वाड्यात ती एकटी. ड्रुइड (जुना धर्म आणि जादू मानणारे लोक) मुलाला, म्हणजे लहानग्या मॉर्ड्रेडला, स्वतःच्या खोलीत लपवणारी ती. मर्लिनच्या गावावर धाड पडते तेव्हा तलवार घेऊन मदतीला जाणारी ती. मग दुसऱ्या पर्वात तिची भीतिदायक स्वप्नं वाढतात, पडदे पेटतात, आणि तिला कळतं की ज्या गोष्टीसाठी आपला पालक लोकांची मुंडकी उडवतो ती गोष्ट आपल्याच अंगात आहे. ती घाबरून रडत मर्लिनकडे येते. तिला एकच वाक्य हवं होतं: मी पण तसाच आहे. मर्लिनला ते सांगायचं होतं. गायसने (राजवैद्य, ज्याच्याकडे मर्लिन राहतो) अडवलं, ड्रॅगननेही अडवलं. आणि तो गप्प बसला.

पुढे त्याच पर्वाच्या शेवटी सगळं कॅमेलॉट झोपेच्या मंत्राखाली जातं, तो मंत्र मोर्गानाच्या शरीरात बांधलेला आहे, आणि तिला ते माहीतही नाही. मर्लिन तिला पाण्यातून विष देतो. ती विश्वासाने पिते. तिचा चेहरा बघा त्या क्षणी. केटी मॅकग्राने तिथे एक शब्दही न बोलता जे केलंय, त्यासाठी मी हा भाग पुन्हा पुन्हा बघते.

आणि त्यानंतर? तिसऱ्या पर्वात एक वर्ष उलटून गेलेलं, ती परत येते आणि पडद्यावर कोपऱ्यात उभी राहून कुत्सित हसते. त्या वर्षात तिच्या मनात काय झालं ते कधीच दाखवलं नाही. मॉर्गॉजने, तिच्या जादूगार सावत्र बहिणीने, तिला काय सांगितलं, तिने रात्री कशा काढल्या, काही नाही. एवढी समृद्ध व्यक्तिरेखा एका हास्यावर आणून ठेवली याचा मला आजही मनापासून राग आहे.

काजवा

पाखरू, विषाचा प्रसंग मी मूळ लेखात लिहून खोडला होता, कारण तो लिहिताना मलाच मर्लिनची बाजू घेता येईना. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

त्या हास्याबद्दल अगदी मान्य. मालिकेत सगळ्यात मोठी पोकळी कुठली असेल तर ते न दाखवलेलं वर्ष. तिसऱ्या पर्वात ती उथरचीच मुलगी असल्याचं तिला कळतं, तो भाग चांगला आहे, पण तोवर तिचं ठरून गेलेलं असतं.

उंबरठा, तुमच्यावर सविस्तर लिहिते संध्याकाळी.

रानवारा

पाखरूला अनुमोदन. +1 आणखी कितीही.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो पहिल्या पर्वाचा चौथा भाग. मर्लिन आर्थरसाठी असलेला विषाचा प्याला स्वतः पितो. आर्थर बापाची आज्ञा मोडून औषधी फूल आणायला जातो. गुहेत अंधार, कोळी मागे लागलेले, आणि तिकडे तापात बरळणारा मर्लिन झोपेतच एक प्रकाशाचा गोळा पाठवतो. आर्थर त्या उजेडाच्या मागे वर चढतो. नंतर तो मर्लिनलाच सांगतो की कुणीतरी मला वाट दाखवायला दिवा पाठवला, कोण ते ठाऊक नाही, पण त्याच्यामुळेच मी इथे आहे. मर्लिन समोर बसून ऐकतोय. कॉलिन मॉर्गनचा चेहरा तेव्हा बघायचा. चौथ्याच भागात मालिकेने स्वतःचं सगळं काळीज उघडून ठेवलं होतं.

दगडफूल

मी मधेच एक व्यावहारिक प्रश्न विचारते, माफ करा. आमची आठ वर्षांची मुलगी सध्या पाचव्या पर्वाच्या मध्यावर आहे. उथरने राक्षसिणीशी लग्न केलं ते दोन भाग तिने इतक्या वेळा पाहिलेत की संवाद पाठ आहेत. सरदार लॅन्सलॉट मेला तेव्हा मात्र रात्री उशिरापर्यंत जागी होती. आर्थर शेवटी मरतो हे तिला माहीत नाही. दाखवू का? की कुठेतरी थांबवू?

वाटसरू

दगडफूल, लहान मुलांना मृत्यू कळतो. मृत्यूनंतर मोठी माणसं गप्प बसतात, ते कळत नाही. शेजारी बसून दाखवा, असं माझं मत.

आता दंतकथेविषयी थोडं, कारण 'मूळ कथेशी खेळ केला' ही तक्रार या मालिकेबद्दल नेहमी ऐकू येते. मर्लिन म्हातारा हवा, आर्थर त्याचा शिष्य हवा, ग्वेनिव्हिअर राजकन्या हवी वगैरे.

मूळ अशी एक कथा नाहीच. मॉनमथच्या जेफ्रीने 1136 च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला, त्यात मर्लिन पहिल्यांदा येतो तो एक मुलगा म्हणूनच. राजा व्हॉर्टिगर्नचा बुरूज रात्री ढासळतो, बिनबापाच्या मुलाचा बळी दे असं ज्योतिषी सांगतात, तो मुलगा म्हणजे मर्लिन. तो सांगतो की पायाखाली तळं आहे आणि त्यात दोन ड्रॅगन झोपलेत, एक तांबडा, एक पांढरा. खणून बघतात तर खरंच. आता मालिका बघा: किल्ल्याच्या पोटात कोंडलेला ड्रॅगन, वडिलांचं नाव ठाऊक नसलेला मुलगा, पुढे चौथ्या पर्वात अंड्यातून निघालेला पांढरा ड्रॅगन ऐथुसा. लेखकांनी जुनी विटच वापरली आहे, नव्या भिंतीत.

गोल मेज जेफ्रीकडे नाही, ते वास नावाच्या कवीने 1155 मध्ये आणलं. लॅन्सलॉट आणि कॅमेलॉट हे नाव फ्रेंच कवी क्रेतिएं द त्र्वा याच्याकडून आलं. मॅलरी या इंग्रज लेखकाने हे सगळं एकत्र गुंफलं आणि मुद्रक कॅक्स्टनने 1485 मध्ये ते छापलं. म्हणजे साडेतीनशे वर्षं प्रत्येक पिढीने आपल्याला हवं ते घातलंय. बीबीसीने पुढचा थर चढवला.

एक गोष्ट मात्र त्यांनी मऊ केली. मॅलरीच्या कथेत मर्लिन आर्थरला सांगतो की मे महिन्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेलं मूल तुझा नाश करेल, आणि आर्थर त्या दिवशी जन्मलेली सगळी मुलं जहाजात घालून समुद्रात सोडायला लावतो. जहाज फुटतं, मॉर्ड्रेड वाचतो. आपल्याला कंस आठवल्याशिवाय राहत नाही, आणि इथे कंसाच्या जागी खुद्द आर्थर आहे. शनिवारी संध्याकाळी घरच्यांनी मिळून बघायच्या मालिकेत हे दाखवता येणार नव्हतं. पण त्याचा काटा त्यांनी मर्लिनच्या पायात रुतवला: लहानग्या मॉर्ड्रेडला सोडवायला जावं की ड्रॅगनचं ऐकून मरू द्यावं, या विचारात तो उशिरा पोचतो. दुसऱ्या पर्वात तो मुलगा पळत असताना मर्लिन जादूने त्याचा पाय अडकवतो. मुलगा वळून सांगतो की हे मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. भविष्य टाळायला जाणं आणि त्यातूनच ते घडवणं, हे दोन्हीकडे एकच.

तळटीप

वाटसरू, फार सुंदर प्रतिसाद. त्यात माझी एक भर.

मालिकेतले मंत्र जुन्या इंग्रजीत आहेत, म्हणजे अँग्लो-सॅक्सन भाषेत. मर्लिनचे डोळे सोनेरी होतात आणि तो जे पुटपुटतो ते बनावट शब्द नाहीत, ती खरी भाषा आहे. आणि गंमत अशी की दंतकथेतला आर्थर हा ब्रिटन लोकांचा राजा, सॅक्सनांशी लढणारा. ब्रिटनांची भाषा वेल्शच्या घराण्यातली. मर्लिन हे नावच वेल्श 'मिर्द्दिन'वरून आलंय. ड्रुइड त्याला 'एमरिस' म्हणतात, तेही वेल्श, लॅटिन 'अँब्रोसियस'चं रूप. म्हणजे आर्थरला वाचवणारी विद्या त्याच्या शत्रूच्या भाषेत बोलते. लेखकांनी हे ठरवून केलं असो वा कानाला गूढ वाटलं म्हणून, पण राजाने ज्याला शत्रू मानलं त्याच गोष्टीने त्याला जपलं, या कथेला ते फार चपखल बसतं.

किल्ल्याबद्दलही सांगतो. पडद्यावर दिसणारं कॅमेलॉट म्हणजे फ्रान्समधला पिएरफोंचा किल्ला. मूळचा मध्ययुगीन, 17व्या शतकात पाडलेला, आणि 1857 पासून तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने पुन्हा बांधलेला. त्याने पुष्कळ भाग स्वतःच्या कल्पनेने उभा केला. प्रत्येक पिढी मध्ययुग नव्याने रचते असं वाटसरू म्हणतात, त्याचा दगडी पुरावाच.

सांजवात

ग्वेनसाठी, म्हणजे मालिकेतल्या ग्वेनिव्हिअरसाठी, एवढी वेळ थांबले, कुणीच आलं नाही.

ती लोहाराची मुलगी. मोर्गानाची दासी. वडील उथरने मारलेले, खोट्या आरोपावरून. एंजल कोल्बीला ही भूमिका दिली म्हणून त्या काळी नाकं मुरडणारे खूप होते, कातडीच्या रंगावरून. मला तर तिचं राणी होणं ही पूर्ण मालिकेतली सगळ्यात धीट गोष्ट वाटते. उमरावांनाच सरदार करायचं हा नियम आर्थर मोडतो, पर्सिव्हल, एलियन असे साधे लोक गोल मेजाभोवती बसतात, त्याच ओघात लोहाराची मुलगी सिंहासनावर बसते. आणि शेवटी आर्थर गेल्यावर राज्य तिच्याकडे येतं. 'लाँग लिव्ह द क्वीन' हा घोष ऐकताना अंगावर काटा आला होता.

तिचं वाईट झालं ते चौथ्या आणि पाचव्या पर्वात. चौथ्यात मंतरलेल्या कंकणामुळे ती लॅन्सलॉटकडे ओढली जाते, पाचव्यात मोर्गाना तिच्या मनावर ताबा मिळवते. दोन्ही वेळा ती जे करते ते तिचं स्वतःचं नाही. दंतकथेतली ग्वेनिव्हिअर निदान स्वतःच्या मनाने प्रेमात पडली आणि त्याची किंमत भरली. मालिकेने तिला निर्दोष ठेवायच्या नादात तिचं मनच काढून घेतलं.

पाखरू

सांजवात, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. आणि मोर्गाना-ग्वेनची मैत्री! पहिल्या पर्वात एकमेकींशिवाय पान हलत नव्हतं. ती मैत्री तुटताना दोघींना समोरासमोर बसून बोलू देणारा एक धड प्रसंग नाही.

काजवा

उंबरठा, आता तुमच्याकडे वळते.

तुमचं म्हणणं असं की इमारत उभी राहिली नाही म्हणून कोसळणं लागलं नाही. मी दिवसभर यावर विचार केला. माझं उत्तर: इमारत उभी होती, पण ती राज्याची नव्हती. ती त्या दोघांची होती. पहिल्या भागात चौकात एकमेकांशी मारामारी करणारे दोघं, चौथ्यात एकमेकांसाठी विष आणि गुहा, दुसऱ्या पर्वात मॉर्गॉज आर्थरला त्याच्या आईचं दर्शन घडवते आणि आर्थर बापावर तलवार रोखतो...

हा प्रसंग 'दिसिर'इतकाच महत्त्वाचा, मूळ लेखात राहून गेला. त्या क्षणी मर्लिन दरवाजातून येतो आणि सांगतो की ते सगळं खोटं होतं, जादूचा भुलभुलैया होता. त्याला माहीत आहे की ते खरं होतं. उथर मेला तर जादू मोकळी होईल हेही त्याला माहीत आहे. पण बापाचा खून केलेला आर्थर त्याला नको आहे. म्हणून जिने त्याच्यासारखीच माणसं मारली त्या राजवटीला तो वाचवतो, आणि वर आर्थरच्या मनात जादूबद्दल आणखी तिरस्कार पेरतो. मग चौथ्या पर्वात उथर जखमी होतो, मर्लिन म्हाताऱ्याचं रूप घेऊन जादूने त्याला बरं करायला जातो, मोर्गानाने उथरच्या गळ्यात घालायला लावलेल्या ताईतामुळे उलटं होतं, राजा मरतो. आर्थरच्या लेखी आता आई आणि बाप दोघंही जादूनेच नेले. प्रत्येक वेळी मर्लिन चांगल्यासाठी करतो आणि दार आणखी एक कडी लावून बंद होतं.

एवढ्या कड्या लागल्यावर पाचव्या पर्वाच्या सुरुवातीला आर्थरला सहज सांगून दोघांनी मिळून राज्य करावं, हे मला खोटं वाटलं असतं. त्यासाठी मर्लिन वेगळा माणूस असायला हवा होता.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूला येते. अल्बियन. ग्वेन राणी झाल्यावर बंदी उठली की नाही, याबद्दल एक अक्षर नाही. मर्लिनच जादूगार आहे हे तिला शेवटी उमगतं आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं, एवढ्यावर आपण समजून घ्यायचं. तिथे एक प्रसंग हवाच होता. चौकातला तोच चबुतरा, आणि त्यावर या खेपेला कुणी मरत नाही. एवढं दाखवायला किती वेळ लागला असता?

उंबरठा

चबुतऱ्याचा प्रसंग. हो. तो असता तर मी हे वाद घालायला आलोच नसतो.

तुमचं कड्यांचं म्हणणं पटलं, हे कबूल करतो. मी कायम राज्याकडे बघत होतो. तरीही एक आक्षेप मागे घेणार नाही. मधल्या पर्वांत दर भागाच्या शेवटी सगळं पुन्हा जागच्या जागी येत असे. आर्थरच्या डोक्यात फांदी पडते, तो बेशुद्ध, मर्लिन जादू करतो, आर्थर उठतो, श्रेय घेतो. नवीन येणाऱ्या पाहुण्यात काहीतरी काळंबेरं आहे हे मर्लिनला दिसतं, त्याचं कुणी ऐकत नाही. एखाद्या पर्वात चार भाग या साच्याचे चालतात. इतके असले की प्रेक्षकाला वाटायला लागतं की ही माणसं काही शिकतच नाहीत. मुलांसोबत आठवड्याला एक भाग बघणाऱ्याला ते चालून जात असेल. सलग बघणाऱ्याला ते खुपतं.

शेवटचं पर्व असल्याचं प्रेक्षकांना कळलं नोव्हेंबर 2012 मध्ये, म्हणजे ते पर्व चालू असताना. मी पुढच्या पर्वाची वाट पाहणाऱ्यांतला होतो. माझ्या रागात त्याचाही वाटा असेल.

वाटसरू

ड्रॅगनबद्दल एक विचार. किलगाराला जॉन हर्टचा आवाज आहे, आणि तो आवाज इतका भारदस्त की त्याचं म्हणणं आपण आपोआप खरं मानतो. पण तो वीस वर्षं साखळीत आहे, त्याची जमात उथरने संपवली आहे, आणि सुटल्यावर तो पहिलं काम काय करतो? कॅमेलॉट जाळतो. मॉर्ड्रेडला मरू दे, मोर्गानाला मरू दे, हा सल्ला त्याचाच. दुसऱ्यांदा बघताना मला तो मार्गदर्शक वाटला नाही. एक दुखावलेला, शेवटचा उरलेला जीव वाटला, जो एका कोवळ्या मुलाच्या कानात भीती ओततोय. मर्लिनला बाप मिळतो तोही जेमतेम एका भागापुरता. सल्ला द्यायला उरले गायस आणि ड्रॅगन, आणि दोघांनीही उथरच्या राज्यात जिवंत राहायला गप्प बसणं शिकलेलं. मुलगा तेच शिकला.

सांजवात

वाटसरू, हे वाचून गायसकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागेल. रिचर्ड विल्सनने त्याला इतका मायाळू केलाय की तो कत्तलीच्या काळात उथरच्या पदरी होता आणि गप्प राहिला, हे लक्षातच राहत नाही.

दगडफूल

सगळ्यांचे आभार. काल रात्री शेवटचे दोन भाग दाखवले. मी शेजारी बसले होते.

कॅमलानपासून तिने माझा हात धरून ठेवला. मर्लिनने जादू उघड केली आणि आर्थरने तोंड फिरवलं तेव्हा ती रागावली. मग आर्थर त्याला सांगतो की तू बदलू नकोस, आणि आजवर कधी न बोललेले आभार मानतो, तिथे मीच रडले, ती नाही. तलवार पाण्यातल्या हाताने झेलली तेव्हा विचारलं, तो हात कुणाचा? मी सांगितलं, फ्रेयाचा, दुसऱ्या पर्वातली मुलगी. मग तो शेवटचा क्षण, आजच्या काळातला रस्ता, बाजूने निघून गेलेला ट्रक, आणि तळ्याकाठाने एकटा चालत जाणारा म्हातारा मर्लिन. ती बराच वेळ काही बोलली नाही. झोपताना म्हणाली, उद्या पहिल्यापासून लाव.

काजवा

आमच्या धाकट्याने अगदी हेच सांगितलं होतं. मग लावलीत का?

दगडफूल

हो. आज चौथा भाग झाला, रानवाराने लिहिलेला, गुहेतल्या उजेडाचा. आर्थर म्हणाला की दिवा कुणी पाठवला ते माहीत नाही, तेव्हा मुलगी पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "कळेल तुला. तळ्याजवळ कळेल."